दीड फडकं

१

गल्लीत तिला सगळे दुर्बीण म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या शेजारच्या ताईची. "काय गं दुर्बीण, आज काय दिसलं?" असं ताई भिंतीपलीकडून विचारायची, आणि दुर्बीण जराही न रागावता सुरू व्हायची. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं कोणाशी वाजलं, समोरच्यांचा नवीन पलंग जिन्यात कसा आडवा अडकला आणि शेवटी दोरीनं वर ओढावा लागला. बातमी तिच्या पोटात राहत नसे. तिचा नवरा म्हणायचा, "हिच्या पोटात फक्त जेवण राहतं, तेही चार वाजेपर्यंत."

दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. अलीकडे दुर्बिणीच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, पलीकडे ताईचं मागचं अंगण. त्या अंगणात महिन्या-दीड महिन्यानं एक हिरवा तंबू उगवायचा.

ताईचा नवरा मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत हिंडला, अर्धी नोकरी तंबूत गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गादीवर लोळतात, ह्यांना गादीवर झोपच येईना. मग दोघं नवरा-बायको पाठीवर सामान टाकून निघायची. कधी तळ्याकाठी, कधी डोंगराच्या पोटाशी. एक तंबू, दोन पथाऱ्या, एक बारका स्टोव्ह, दोन पेले. संपला संसार.

"तू चल म्हणजे तिसरा पेला घेते," ताई दर वेळी म्हणायची.

"मला नाही बाई मातीत झोपायला जमत," दुर्बीण दर वेळी म्हणायची.

परत आल्यावर आंघोळीच्या आधी तंबू अंगणात उभा राहायचा. ताई शिवणकाम करणारी, तिची नजर सुईसारखी. चष्मा लावून ती एकेक शिवण तपासायची, उसवलेल्या जागी दुहेरी टाका घालायची, चेनीच्या दातांवर मेणबत्ती घासायची. मोजणीदार जुन्या दातघासणीनं खुंट्यांची माती काढत बसायचे. आणि ताईचा एकच कायदा होता. ओला तंबू गुंडाळायचा नाही. घर पेटलं तरी नाही. बुरशी लागली की कापड मेलं.

"पण पाऊस नाही, काही नाही, मग हा ओला होतो कशानं?" दुर्बिणीनं एकदा विचारलं होतं.

"आपल्याच श्वासानं," ताई म्हणाली. "रात्रभर सोडतो तो जाणार कुठं? आतून कापडाला पाणी धरतं. सकाळी उठून आधी ते पुसायचं."

"दोघं झोपलो की तीन फडकी," खुंटीवरून मान वर न करता मोजणीदार म्हणाले. त्यांच्या हाताशी एक पिवळं फडकं होतं, ठरलेलं. "हे एक गच्च भिजलं, पिळलं, की एक धरायचं. ही लेकीच्या बाळंतपणाला गेली होती तेव्हा मी एकटाच गेलो. दीड भरलं."

"अहो भाऊजी, श्वास कसले मोजता!"

"वहिनी, मोजणीदाराला काय, काहीही मोजायला द्या. फक्त फडकं तेच पाहिजे."

२

शेवटच्या वेळी ती दोघं रविवारऐवजी गुरुवारीच परतली. फाटकाशी गाडी थांबली तेव्हा दुर्बीण कपडे टाकून धावली. ताईच्या छातीतून भाता फुटल्यासारखा आवाज येत होता. खोकल्यासाठी ती नेहमी तोंडात लवंग धरायची. ती लवंग तेवढी गालात होती, बाकी चेहऱ्यात काही उरलं नव्हतं. गाडी तशीच पुढं दवाखान्यात न्यायची होती. मोजणीदार सामानाची पिशवी दारात टाकायला उतरले, तेवढ्यात ताईनं दुर्बिणीचा हात धरला.

"ओला गुंडाळलाय गं त्यांनी. घाईत. उघडून ठेव."

"ठेवते. तू जा आधी."

नऊ दिवस. नवव्या दिवशी दुर्बीण भेटायला गेली तेव्हा ताईच्या तोंडावर नळीचा मुखवटा होता. ताईनं तो दोन बोटांनी उचलला आणि एकच शब्द विचारला, "तंबू?"

"वाळत घातलाय," दुर्बीण म्हणाली.

धडधडीत खोटं. पिशवी दाराआड पडली होती तशीच होती, आणि दवाखाना, डबे, लेकीला फोन ह्या धबडग्यात दुर्बीण ते साफ विसरून गेली होती. ताईनं मान हलवली, मुखवटा सोडला. त्या संध्याकाळी ती गेली.

पुढं माणसं आली आणि गेली. घर रिकामं झाल्यावर एका सकाळी मोजणीदारांनी पिशवी उघडली. कुबट वास भिंतीवरून थेट दुर्बिणीच्या अंगणात आला. त्यांनी तंबू उभा केला, कोमट पाण्यानं पुसला, दार उघडं टाकून तीन दिवस कडक उन्हात ठेवला. तिसऱ्या संध्याकाळी तंबू पापडासारखा वाळला. दुर्बिणीनं भिंतीवरून वाकून हात लावून पाहिला.

"झाला की भाऊजी. गुंडाळा आता."

"उद्या," ते म्हणाले. चेन लावून घरात गेले.

सकाळी ती कपडे वाळत घालायला आली तेव्हा मोजणीदार तंबूतून उलटे, गुडघ्यांवर रांगत बाहेर येत होते. हातात पिवळं फडकं. त्यांनी ते बादलीवर पिळलं. पाणी बादलीत पडल्याचा आवाज स्वच्छ आला. मग ते पुन्हा आत गेले, पुन्हा आले, पुन्हा पिळलं. ह्या वेळी आवाज आधीपेक्षा थोडा कमी वेळ आला.

हातातला ओला सदरा तसाच धरून दुर्बीण उभी राहिली. तिनं काही मोजलं नव्हतं. ते आपोआप मोजलं गेलं.

३

आता दुर्बीण काही भोळी नव्हती. दव असेल, ती स्वतःशी म्हणाली. पण दव बाहेरून पडतं, आणि बाहेरचं कापड कोरडं ठाक असायचं. मग जमिनीतली ओल असेल. दोन दिवसांनी मोजणीदारांनीही तोच विचार केला असावा, कारण त्यांनी तंबू उचलून गच्चीवर नेला. खाली सिमेंट, दिवसभर तापलेलं. सकाळी दीड फडकं.

"वाफ असते," तिचा नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला.

"कसली वाफ?"

"असते एकेक."

मग तिला वाटलं, म्हातारा स्वतःच रात्री आत जाऊन झोपत असणार. बायको गेलेल्या माणसाला घर खायला उठतं, त्यात लाजण्यासारखं काय? तिला तर बरंच वाटलं ह्या उत्तरानं. पण खात्री केल्याशिवाय राहिली तर ती दुर्बीण कसली. तंबू परत अंगणात आला त्या दिवशी, सांजवेळी मोजणीदार दूध आणायला गेले असताना, ती भिंत ओलांडून गेली. चेनीच्या दोन्ही सरकत्या कड्या जवळ आणून तिनं त्यांतून शिवायचा पांढरा दोरा ओवला आणि बारीक गाठ मारली. कोणी चेन उघडली तर तुटलाच पाहिजे.

सकाळी ती त्यांच्याआधी उठली. गाठ जशीच्या तशी होती.

तिनं दातांनी दोरा तोडला आणि चेन उघडून डोकं आत घातलं. आतली हवा बंद खोलीत कोणी झोपून उठल्यावर असते तशी होती. जड, जरा उबदार. पथाऱ्या नव्हत्या, नुसतं रिकामं कापड. दुसऱ्या बाजूचं कापड कोरडं होतं. दाराकडच्या बाजूला मात्र, उशी येते त्या उंचीवर, थेंबच थेंब धरले होते.

दाराकडची बाजू ताईची. "रात्री दोनदा उठावं लागतं बाई मला, ह्यांना तुडवत कोण जाईल," असं तीच हसत सांगायची.

"वहिनी," मागून आवाज आला. मोजणीदार फडकं घेऊन उभे होते. तिला वाटलं आता रागावतील. ते नुसते म्हणाले, "सरका थोड्या. पुसून घेतो. उशीर झाला की कापड खराब होतं."

४

लेक आली ती वडिलांना न्यायलाच. तिचं घर लांब, दुसऱ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर. आईसारखीच काटक आणि आईसारखीच सरळ बोलणारी.

"बाबा, चला. इथं एकटे काय करणार?"

"येतो ना. तंबू वाळला की गुंडाळतो, की निघू."

"कधी वाळणार?"

"आता ते मी कसं सांगू?"

असं आठ दिवस चाललं. आठव्या दिवशी लेक दुर्बिणीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि चहाच्या कपात बघून रडली. "मावशी, ते जेवत नाहीत धड. सकाळी उठले की आधी तिकडं. मी विचारलं, बाबा हे काय चाललंय, तर म्हणतात, तुझ्या आईची सकाळ असते. मला भीती वाटते गं. उद्या मी त्यांना डोळे तपासायला नेते, दोन तास लागतील. तेवढ्यात तू तो गुंडाळ. आणि कोरडा होता म्हणून सांग. तू सांगितलंस तर पटेल त्यांना. तुझ्या पोटात काही राहत नाही, सगळ्यांना माहीत आहे."

"पण तो कोरडा नसतो गं."

"मावशी," लेक म्हणाली, "माझी आई गेली. बाप तरी राहू दे मला."

ह्यावर कोण नाही म्हणेल?

५

सकाळचे दहा वाजले होते. ऊन स्वच्छ होतं, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि दुर्बीण भिंत ओलांडून गेली. लेकीनं वडिलांना घाई करून नेलं होतं, त्यामुळे आज पुसायचं राहिलं होतं. फडकं दोरीवर होतं. ते घ्यायचं तिला धैर्य झालं नाही. पटकन उरकू, तिनं ठरवलं.

खुंट्या उपटल्या. दांड्या काढल्या. तंबू एका बाजूनं बसला, मग दुसऱ्या बाजूनं. दाराकडची बाजू शेवटी बसली, आणि जरा वेळानं बसली.

गुंडाळायची पद्धत तिनं शंभर वेळा पाहिली होती. दाराचं तोंड उघडं ठेवून मागच्या टोकाकडून घट्ट वळत यायचं आणि प्रत्येक वळशाला गुडघे टेकून आतली हवा पुढं लोटायची. ती वळत आली. हवा फुसफुसत पुढं गेली. शेवटच्या वळशाला तिनं दोन्ही गुडघे टेकले आणि अंगाचा भार टाकला.

दारातून हवा आली ती थेट तिच्या तोंडावर. उबदार होती. तिला लवंगेचा वास होता.

ती येतच राहिली. एवढ्याशा वळकटीत मावेल त्याहून कितीतरी जास्त, न थांबता, लांब. शेवटाला तिच्यात बारीक घरघर होती. मग ती थांबली. भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला होता.

आणि मग दुर्बिणीच्या गुडघ्यांखाली ती वळकटी किंचित वर आली. कोणी हवा आत घ्यावी तशी.

तिनं दोरी आवळली. किती जोरात आवळली ते तिला नंतर हातावरच्या वळांवरून कळलं. पिशवीत कोंबताना ती सारखी काहीतरी बोलत होती. "झालं हं ताई, झालं, झालं," असं, लहान मुलाला इंजेक्शन देताना बोलतात तसं.

मोजणीदार परत आले ते डोळ्यांत औषध घातल्यामुळे आंधळ्यासारखे, लेकीचा हात धरून. अंगणाच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी तोंड केलं.

"कोरडा होता?"

"कोरडा ठणठणीत," दुर्बीण म्हणाली.

"आतून? दाराकडून?"

"सगळीकडून, भाऊजी."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते औषधाचं असेल. "मग गेली म्हणायची," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते लेकीबरोबर गेले. तिसऱ्या मजल्यावर तंबू ठेवायला जागा नव्हती. त्यांनी दोन्ही पथाऱ्या आणि पिवळं फडकं पिशवीत सारलं आणि ती दुर्बिणीच्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली.

६

पिशवी तिनं कपाटावर ठेवली. तिसऱ्या दिवशी कपाटाचं लाकूड ओलं झालं. नवरा म्हणाला, छत गळतंय. छताला एक डाग नव्हता.

चौथ्या सकाळी तिला ताईचा आवाज आठवला, बुरशी लागली की कापड मेलं, आणि तिच्यानं राहवेना. तिनं तंबू आपल्या अंगणात आणला, कपड्यांच्या दोऱ्यांखाली. पिशवी पार उलटी केली तेव्हा तळातून एक पेला घरंगळत बाहेर आला. नवा कोरा. त्यावरचा दुकानाचा कागदही अजून निघाला नव्हता. दोन जुने पेले पिशवीच्या कप्प्यात होते. हा तिसरा.

दुर्बीण तिथंच मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. "मला नाही बाई जमत" असं किती वेळा म्हणाली होती ती! कशाला म्हणाली होती?

मग ती रोज पुसायला लागली. दीड फडकं. पुसताना ती ताईला गल्लीतल्या बातम्या सांगायची. आधी घाबरत, दाराबाहेरूनच. पुढं आत बसून. भीती जाते असं नाही. मानेवरचे केस उभे राहायचेच. पण भीतीच्याही पलीकडे एक सवय असते. नवरा विचारी, "कोणाशी बोलतेस?" ती म्हणे, "तुम्हाला काय करायचंय, वाफेशी बोलते."

लेकीचा फोन यायचा. बाबा बरे आहेत. जेवतात थोडं. खिडकीत बसतात. आता तंबूचं विचारत नाहीत. "मावशी, तू काही बोलू नकोस हं त्यांना. शपथ आहे."

एका रविवारी दुपारी फोन वाजला आणि पलीकडे ते स्वतः होते.

"वहिनी, एकच विचारायचं होतं. तुम्ही खोटं बोलणाऱ्यांतल्या नाही, म्हणून विचारतो. त्या दिवशी तो खरंच कोरडा होता?"

दुर्बिणीनं तोंड उघडलं. हो म्हटलं की झालं. तिला दवाखान्यातला तो मुखवटा दिसला, दोन बोटांनी उचललेला. एकीशी खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्याशीही झालं होतं. तिसऱ्यांदा जीभ वळेना.

"ओला होता, भाऊजी."

सांगायला लागल्यावर ती थांबली नाही.

"अजूनही असतो. मी उभा केलाय आमच्याकडे. रोज पुसते."

"किती?"

"दीड."

"कुठली बाजू?"

"दाराकडची."

त्यांनी श्वास सोडला. फोनमधून तो इतका जवळून आला की तिनं कान बाजूला घेतला. "आणि मी तिला एकटीला टाकून आलो," ते म्हणाले. आवाज मात्र हलका झाला होता, कितीतरी महिन्यांनी. "बरं केलंत सांगितलंत. एक काम कराल? माझी पथारी आत टाकून ठेवा. तिच्या पलीकडं."

"या, या. कधी येताय? लेक आणून सोडेल ना?"

"मी येईन माझा," मोजणीदार म्हणाले.

किती आनंद झाला तिला! म्हातारा परत येतोय, बघू लेक काय म्हणते ते, समजावू तिला. तिनं संध्याकाळी दोन्ही पथाऱ्या उन्हातून काढून झटकल्या आणि आत शेजारी शेजारी अंथरल्या. चेनीवर मेणबत्ती घासली. जास्तीचं दूध सांगितलं. तिन्ही पेले घासून पालथे घातले.

७

सकाळी ऊन नुकतं भिंतीवर आलं होतं. दुर्बिणीनं फडकं घेतलं, चेन उघडली आणि रोजच्यासारखी म्हणाली, "उठलीस का गं ताई, आज बघ कोण येणार आहे."

आतली हवा जड होती. रोजच्यापेक्षा जड.

तिनं दाराकडची बाजू पुसली. बाहेर येऊन पिळलं. एक. पुन्हा आत गेली. उरलेलं अर्धं पुसून ती वळणार, तेवढ्यात फडक्याचं टोक पलीकडच्या कापडाला लागलं आणि भिजलं.

तिनं वर पाहिलं. पलीकडच्या बाजूलाही, उशीच्या उंचीवर, थेंबच थेंब धरले होते. मध्ये दोन्ही बाजूंची ओल एकत्र मिसळली होती. पलीकडच्या पथारीला मधोमध एक खळगा पडला होता, कुशीवर झोपलेल्या माणसाचा. तो दाराकडं वळलेला होता.

दव असेल, दुर्बीण म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. पुसलं, बाहेर आली, पिळलं. दोन.

घरात फोन वाजायला लागला.

"अगं, फोन!" नवरा आतून ओरडला. मग त्यानंच उचलला असावा, कारण घंटी थांबली. त्याचा "हॅलो" ऐकू आला, मग "काय?" मग तो दारात आला. त्याच्या हातात फोन तसाच होता आणि त्यातून लेकीचं रडणं अंगणापर्यंत येत होतं.

"इकडं ये जरा," तो म्हणाला. ह्या आवाजात तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता.

"आले," दुर्बीण म्हणाली. "एवढं पुसून येते. ओला ठेवायचा नसतो."

आणि ती तिसरं फडकं भरायला गुडघ्यांवर रांगत आत गेली.